चौदा दिवस आधीची सूचना

३ फेब्रुवारी, सोमवार

झालं एकदाचं! चोवीस खाती, चोवीस वेळा तीच कमांड, आणि मान अशी आखडली आहे की डावीकडे बघायचं तर अख्खी खुर्ची फिरवावी लागते.

मालकांना वाटतं, मी एक बटण दाबते आणि सगळं होतं. सकाळी आले, दारातच उभे राहिले – सर्व्हरच्या खोलीत ते कधी आत येत नाहीत, थंडी वाजते म्हणतात – आणि विचारलं, "आज होईल ना?" म्हटलं, होईल. "मग जेवायच्या सुट्टीआधी कळवा." कळवलं साडेपाचला.

हे कशासाठी, तेही लिहून ठेवते. आमचं जे मोठं गिऱ्हाईक आहे, ज्यांच्या दुकानांना आम्ही चष्म्याच्या काचा घासून देतो, त्यांनी जानेवारीत एक तपासनीस पाठवला होता. त्याने आमच्या युनिक्सच्या खोक्यात, म्हणजे सर्व्हरमध्ये, डोकं घातलं आणि भूत बघितल्यासारखं बाहेर काढलं. भिंगकाकांचा पासवर्ड अकरा वर्षांत बदललेला नाही. काका काचा घासणाऱ्यांचे मुकादम, आणि तो पासवर्ड त्यांना मीच दिलेला, मी नोकरीला लागले त्या आठवड्यात. तपासनिसाने लिहून दिलं – प्रत्येक पासवर्ड नव्वद दिवसांत संपला पाहिजे, आणि संपल्यावर सवलत शून्य. मुदत उलटली की खातं बंद.

मी एकच हट्ट धरला. आधी चौदा दिवस सूचना. लॉगिन केलं की पडद्यावर ओळ येईल – तुमचा पासवर्ड इतक्या दिवसांत संपणार आहे. रोज येईल, आणि आकडा रोज एकाने कमी होईल. दार लावायचं तर माणसाला सांगून लावावं. मालक म्हणाले, "सूचना द्या, नाहीतर दवंडी पिटा. फक्त एक लक्षात ठेवा. एक सकाळ जरी काम थांबलं, तर हे सगळं मी बाहेरच्या कंपनीला देऊन टाकीन. ते लोक टपलेलेच आहेत." हसत म्हणाले. पण हे गृहस्थ हसतात तेव्हाच खरं बोलतात.

४ फेब्रुवारी

काल एक गंमत लिहायची राहिली. सगळ्यांसाठीचे नियम लिहायची एक फाइल असते. तिच्यात मी झोकात नव्वद लिहिले, चौदा लिहिले, आणि बघते तर कोणावर काही परिणाम नाही! ती फाइल फक्त नव्याने उघडणाऱ्या खात्यांना लागू. नव्या सुनेला सगळे कायदे, घरच्यांना सूट. म्हणून मग जुन्या चोवीस जणांना एकेक करून.

दुसरी मेख अशी की, जुने पासवर्ड अकरा वर्षांचे. नव्वद दिवसांचा नियम लावला असता तर सगळे त्याच मिनिटाला बाद झाले असते. म्हणून "शेवटचा बदल" या रकान्यात सगळ्यांची कालची तारीख घातली. त्यामुळे सगळेच चार मेला संपणार. चार तारीख रविवार. ज्याने बदलला नसेल तो पाच तारखेच्या सकाळी बाहेर.

तारखा वेगवेगळ्या द्यायला हव्या होत्या का? मग रोज उठून कोणाच्या तरी मागे लागले असते. एकच तारीख बरी. चौदा दिवस काही कमी नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

हे आले होते. वीजकेंद्रातून इथे यायला बसने अकरा तास, जायला अकरा. मधला जो वेळ उरतो त्यातला निम्मा झोपेत. बढती देऊन तिकडे पाठवल्यापासून दोन वर्षं हेच चाललंय. आज पुन्हा तोच विषय. क्वार्टर मिळालंय, तीन खोल्या आहेत, मागे अंगण आहे. "तू आलीस तर त्याला घर म्हणता येईल." म्हटलं, मी तिकडे करू काय? "करायचं काय त्यात? राहशील."

राहशील! अकरा वर्षांत त्या खोक्याला मी एक दिवस आजारी पडू दिलं नाही, आणि आता मी तिकडे जाऊन नुसती राहू.

भांडण झालं नाही. हे भांडत नाहीत, गप्प होतात. ते गप्प होणं मला भांडणापेक्षा जड जातं. बसपर्यंत सोडायला गेले. दोघंही समोरच्या भिंतीवरच्या जाहिराती वाचत उभे.

परत आले तर ताई खालच्या खिडकीत. "किती ताणणार आहेस?" ताईला सगळं दिसतं. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची, ती अठराची. तिने लग्न केलं नाही. कारखान्यात ऑर्डर घेण्याच्या टेबलावर चिकटली, आता त्या टेबलाची मुख्य आहे. मला शिकवलं तिने, या नोकरीला लावलं तिने, हे स्थळही तिनेच आणलं. निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत तिची. तिला उलट बोलायला माझी जीभ उचलत नाही. "बघू गं," म्हणून वर आले.

१७ मार्च

सर्व्हरच्या मागचा पंखा कुरकुरत होता. उघडून धूळ काढली. वाटीभर निघाली. बाकी काही नाही.

१३ एप्रिल, रविवार

पंचवीस तारखेपासून रजा टाकली. हे फार दिवस मागे लागले होते – निदान आठ दिवस येऊन घर तरी बघ, मग नाही म्हण. पंचवीसला निघायचं, तीन मेला परत. शनिवार. म्हणजे पाच तारखेच्या सोमवारी मी इथे हजर. हिशेब करूनच हो म्हटलं.

हे फोनवर इतके खूश झाले की मलाच वाईट वाटलं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाला दोन वर्षं ताटकळत ठेवलं मी.

२१ एप्रिल, सोमवार

आजपासून सूचना सुरू. सकाळी मुद्दाम काचा घासायच्या विभागात गेले – आपण लावलेलं रोप उगवलं का ते बघायला जातात तशी. भिंगकाका ट्रे लावत होते. विचारलं, काका, सकाळी पडद्यावर काही ओळ आली होती का?

"कसली ओळ?"

"लॉगिन करताना. पासवर्डची."

"आम्ही कुठे करतो ते? ताई उघडून देतात."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं, जणू मीच नवी. पावणेसातला ताई येते. हातात वही. त्या वहीत सगळ्यांचे पासवर्ड. एकेका मशीनपाशी जाते, टाकते, पुढे जाते. सातला भोंगा होतो तेव्हा सगळे पडदे उघडलेले असतात. घासणाऱ्यांचे हात काचा घासायच्या पांढऱ्या लगद्याने भरलेले, कोण कळफलक चिकट करणार? आणि पासवर्ड लक्षात कोण ठेवणार? "तुम्ही आलात त्या वर्षीपासून चाललंय. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. मी नऊला येते.

म्हणजे आज माझ्या चोवीस सूचना आल्या आणि चोवीसही एकाच बाईने वाचल्या.

२२ एप्रिल

ताईला चहाच्या वेळी जिन्याखाली गाठलं. वाटलं होतं, चिडेल. हसली.

"तुला सांगून काय करणार होते? तू नियम काढून बसली असतीस."

"ताई, तपासनिसाला कळलं तर पहिली तुझी नोकरी जाईल. सगळ्यांचे पासवर्ड एका वहीत!"

"मग नको कळू देऊस. तुला काय, पासवर्ड बदलायचेत ना? मी बदलते. वही माझ्याकडे आहे, रोज चार-पाच केले तरी आठवड्यात होतील. नवे वहीत लिहीन."

"तेच तर करायचं नाही."

"मग त्या काकांना बसव कळफलकासमोर, आणि होऊ दे सातचे नऊ."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी असं ठरलं – या वेळी तिने सगळ्यांचे बदलायचे. मी परत आले की एकेकाला बसवून शिकवायचं आणि ती वही फाडायची. मालकांना यातलं काही सांगायचं नाही. हे चुकीचं आहे, मला कळतं. पण ताईला पकडून देऊ?

संध्याकाळी ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. वही, चोवीस खाती, चार तारीख, मालकांची धमकी. एरवी माझ्या ऑफिसच्या गोष्टी सुरू झाल्या की ह्यांना जांभया येतात. आज मध्ये न बोलता ऐकलं. म्हणाले, "ताई आहेत ना, मग तू कशाला काळजी करतेस?" बरं वाटलं.

२४ एप्रिल

ताई म्हणते, निम्म्यांचे झाले.

मी एक कागद तयार केला होता, फळ्यावर लावायला – चार मेच्या आत पासवर्ड बदला. ताईने हातातून काढून घेतला. "हा लावलास तर मालक वाचतील. मग विचारतील, कोणाकोणाचा कोण बदलतंय. आपण होऊन फास ओढून घ्यायचा का?" फाडला.

निघताना मनात आलं, एकदा यादी काढून बघावी. एक कमांड. कोणी कधी बदलला त्याची तारीख समोर येते. बोटं कळफलकावर ठेवली सुद्धा. मग वाटलं, काय चाललंय माझं? जिने वेण्या घालून शाळेत सोडलं तिच्यावर पहारा? खोलीचं दार लावलं आणि निघाले.

२७ एप्रिल, रविवार

क्वार्टर खरंच छान आहे. मागच्या अंगणात ह्यांनी दोरी बांधून ठेवली आहे, माझ्या उंचीला. स्वतःला वाकून कपडे वाळत घालावे लागतात तिथे. मी आठ दिवसांपुरती आलेय आणि हा माणूस दोरीची उंची माझ्या मापाने घेतो.

संध्याकाळी धरणाच्या भिंतीवरून चाललो. मी बडबडले, हे हसले. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर असे किती दिवस आले, मोजायला गेले तर दोन्ही हात लागणार नाहीत.

३० एप्रिल

ताईला फोन. झालं का?

"झालं गं. सगळ्यांचं झालं. तू आराम कर, किती वेळा विचारशील?"

माझी मलाच लाज वाटली.

३ मे, शनिवार

आज निघायचं होतं. हे म्हणाले, उद्या रविवार, कारखाना बंद, एक दिवस आधी जाऊन तू काय भिंती बघत बसणार? उद्या रात्रीच्या बसने निघ, सोमवारी नऊपर्यंत पोचतेस. मी म्हटलं, सोमवारीच तर ती तारीख आहे. "पण सगळ्यांचं झालंय ना?"

झालंय. मग राहिले. खरं सांगायचं तर मलाही राहायचं होतं.

५ मे, सोमवार

बस डोंगरातून बाहेर आली आणि फोन सुरू झाला. एकोणीस मिस्ड कॉल. सगळे सातनंतरचे.

पोचले तेव्हा पावणेदहा. विभागात कधी नाही ती शांतता. सगळी मशीनं बंद, माणसं स्टुलांवर हात मांडीवर ठेवून बसलेली. ऑर्डरच्या टेबलावरचे फोन वाजतायत आणि कोणी उचलत नाहीये. सर्व्हरच्या खोलीत मालक. आयुष्यात पहिल्यांदा आत! त्यांच्या कपाटातलं सीलबंद पाकीट फाडून हातात धरलेलं. त्यात रूटचा, म्हणजे सगळी खाती उघडू शकणाऱ्या मुख्य खात्याचा पासवर्ड असतो, मीच ठेवला होता. तो कुठे टाकायचा आणि टाकून पुढे काय करायचं, हे मात्र पाकिटात कोण लिहून ठेवतं?

"पावणेतीन तास," ते म्हणाले. आज हसत नव्हते.

मी खुर्चीत बसले. आधी सवयीने यादी छापून घेतली – काहीही बदलायच्या आधी जे आहे ते कागदावर, हा माझा नियम. न बघता पर्समध्ये कोंबली. मग खाती उघडून दिली. दहा वीसला पहिलं मशीन सुरू झालं.

मग मालकांच्या केबिनमध्ये. ताई आधीच उभी होती. मालकांनी विचारलं, "तुम्ही तर चौदा दिवस सूचना येणार म्हणाला होता. आली?" मी म्हटलं, आली. रोज आली. त्यांनी ताईकडे बघितलं.

ताई म्हणाली, "मला तर काही दिसली नाही, साहेब."

माझ्याकडे न बघता म्हणाली. टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत.

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. काय सांगणार होते? की सूचना तिलाच दिसायच्या, कारण सगळ्यांच्या नावाने तीच आत शिरते? मग तिची वही. मग माझं मूग गिळून बसणं. मालक म्हणाले, "म्हणजे सूचना लावलीच नव्हती. नाहीतर चुकीची लावली. मी काय बोललो होतो, आठवतं ना? महिनाअखेरपर्यंत बाहेरच्या कंपनीला सगळं समजावून द्या."

अकरा वर्षं. पाच मिनिटांत.

६ मे

ताई काल माझ्याआधी घरी गेली. खालचं दार बंद. आजही ऑर्डरच्या टेबलावर मान खाली घालून. मी स्वतःची समजूत घालतेय – घाबरली असेल. वाटलं असेल बदलले, आणि नीट झाले नसतील. दोनदा टाकावा लागतो नवा पासवर्ड, दुसऱ्यांदा चुकला तर जुनाच राहतो. चोवीस खाती म्हणजे काय थोडं काम आहे? आणि एकदा घाबरून खोटं तोंडातून गेलं की मागे घेता येत नाही. असं असेल.

आत्ता पर्समधली यादी काढली.

तेवीस नावं. शेवटचा बदल – ३ फेब्रुवारी. सूचना – १४ दिवस आधी. सगळ्यांपुढे हेच.

चोविसावं नाव ताईचं. शेवटचा बदल – २४ एप्रिल.

तिने स्वतःचा बदलला. नीट बदलला, एका फटक्यात. त्याच दिवशी मला म्हणाली निम्म्यांचे झाले, आणि माझ्या हातातला कागद काढून घेतला.

तिला सूचना दिसत होती. चौदा दिवस, रोज निदान तेवीस वेळा. रविवार सोडून.

८ मे

खाली गेले. ताई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. कागद तिच्यासमोर ठेवला, तिच्या नावावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"वाच."

वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. "राहून गेलं गं बाकीच्यांचं."

"तुझं बरं राहून गेलं नाही."

तिने उशीचा अभ्रा उलटा होता तो सुलटा केला, घडी घातली. मी उभीच.

"मी रोज विचारत होते ताई. फोन करून विचारत होते. झालं म्हणालीस."

"हो."

"का?"

मग म्हणाली, "तू जा आता तिकडे. संसार कर. कारखाना काय पुरणार आहे तुला?"

मला कोणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. म्हणजे स्वतःचं टेबल राखलं, माझी खुर्ची घालवली, आणि वर उपदेश! मी म्हटलं, तू मला वाढवलंस ते आज वसूल केलंस. केसाने गळा कापलास. तिने मान वर केली नाही. मी जिना चढून आले आणि चपला घालायला विसरले होते हे वर आल्यावर कळलं.

ह्यांना फोन केला. मी रडत होते, नीट बोलताही येत नव्हतं. हे ऐकत राहिले. म्हणाले, "सख्खी बहीण असून असं करावं? जाऊ दे. तू ये इकडे. मी आहे ना."

९ मे

तो कागद घेऊन मालकांच्या केबिनपर्यंत गेले. दारावर हात ठेवला.

आत जाऊन दाखवला असता तर? सूचना लावली होती हे सिद्ध. ताईला दिसली होती हेही सिद्ध. मग मालकांनी विचारलं असतं, बाकीच्यांना का नाही दिसली, आणि वही बाहेर आली असती. ताई त्याच दिवशी घरी. तीन वर्षं राहिली असताना. ती कोणाकडे जाणार? माझ्याशिवाय आहे कोण तिला?

परत फिरले. तिने माझा विचार केला नाही, मग मी तिचा का करतेय, हे मला अजून कळलेलं नाही. दिवसभर स्वतःचाच राग.

१२ मे

मालकांना राजीनामा दिला. काढून टाकण्यापेक्षा बरं दिसतं म्हणे. कोणाला?

२० मे

बाहेरच्या कंपनीचा माणूस आला. पंचविशीतला, नम्र, सारखं "मॅडम" म्हणतो. सगळं बघून म्हणाला, छान ठेवलंय हो तुम्ही. मग सूचनेच्या रकान्यावर आला. "चौदा? एवढे कशाला? सात पुरतात." आणि सात केले. माझ्यासमोर.

मी त्याला एवढंच सांगितलं – सगळ्यांना एकच तारीख देऊ नका. आणि सूचना कोण वाचतं, ते सकाळी पावणेसातला येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तो हसला. त्याने लिहून घेतलं नाही.

२४ मे, शनिवार

हे आले, पुढचं सगळं ठरवून गेले. एक जूनला ट्रक सांगितला आहे. घरमालकाला कळवलं. खाली ताईकडे गेले नाहीत, म्हणाले, "तुला जिने एवढा त्रास दिला तिच्या दारात मी जाणार नाही." एवढी माझी बाजू घेतलेली मी कधी पाहिली नव्हती. दोन वर्षं मी या माणसाला नाही म्हणत राहिले. कोणासाठी? एका खोक्यासाठी, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईसाठी.

३० मे

शेवटचा दिवस. किल्ली मालकांच्या टेबलावर ठेवली. ते फोनवर होते, हातानेच "ठेवा" म्हणाले.

भिंगकाका दारापर्यंत आले. "ताई सकाळपासून रडतायत," म्हणाले. मी म्हटलं, रडू दे. काकांना वाईट वाटलं असावं. मग त्यांनी माझा चष्मा मागून घेतला, काच उजेडात धरून बघितली, म्हणाले ओरखडे पडलेत, पाच मिनिटं थांबा. थांबले. नव्या काचा बसवून दिल्या. पैसे घेईनात.

३१ मे

सामान बांधून झालं. सव्वीस खोकी. एवढं कुठून जमवलं कोण जाणे. पुस्तकांचं खोकं उचलेना म्हणून दोन केली.

ताई दुपारी वर आली होती. दार वाजवलं. मी उघडलं नाही. बराच वेळ उभी होती, पावलं ऐकू आली नाहीत म्हणजे तिथेच होती. "एकदा ऐक," म्हणाली. मी सुतळी कापत राहिले.

या घरात मी हे शेवटचं लिहितेय. मनात होतं तेवढं दुःख होत नाहीये. निदान एक माणूस असा आहे जो मला हवी म्हणतो, आणि सरळ तोंडावर म्हणतो. उद्या या वेळी मी त्या अंगणात असेन.

१ जून

ट्रक सातला आला. माणसं वर येत होती म्हणून दार उघडं होतं, त्यातून ताई आत आली. फोन पुढे केला. ह्यांचा मेसेज, २३ एप्रिलचा.

"ताई, बाकीच्यांचे पासवर्ड बदलू नका. एक दिवस काम अडू द्या. नोकरी सुटल्याशिवाय ती इकडे यायची नाही. मी तिला सोमवारपर्यंत इथेच थांबवतो. तिला कळू देऊ नका."

दोनदा वाचला. ताई म्हणाली, "मला वाटलं, तुमचं दोघांचं भलं होईल. पण तू त्यांना देव समजून निघालीस, ते बघवेना."

ट्रकवाला दारात उभा आहे. विचारतोय, आधी काय चढवायचं. काही नाही, म्हटलं.